आधी हुकूम, मग पानं

भाचा सलग तीन डाव हरला आणि हातातली पानं सतरंजीवर टाकून म्हणाला, "मावशी, मला पानंच वाईट येतात."

पानं वाईट येत नव्हती, वाईट भरलेली होती. नशिबाला बोल लावण्याआधी माणसानं आपली गड्डी उताणी करून बघावी. मी त्याला तेच करायला लावलं.

खेळ होता वन पीस कार्ड गेम. बांदाई या जपानी कंपनीनं २०२२ साली काढलेला. एइचिरो ओदा यांची 'वन पीस' ही मंगा १९९७ पासून चालू आहे, तिच्यातली समुद्री चाच्यांची सगळी फौज या पानांवर उतरली आहे. भावोजींनी सिंगापूरहून येताना पोराला खोके आणले आणि साताऱ्याच्या घरात मे महिन्याच्या दुपारी जिथे मेंढीकोट चालायचा, तिथे आता झोरो आणि शँक्स आले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाकडे एक लीडर, ५० पानांची गड्डी आणि डॉन नावाची १० पानं. लीडर डाव सुरू होण्याआधीच समोर उताणा मांडलेला असतो. गड्डीतलं प्रत्येक पान लीडरच्या रंगाचंच हवं, रंग एकूण सहा, आणि एका पानाच्या जास्तीत जास्त ४ प्रती. गड्डीतली वरची काही पानं लाइफ म्हणून पालथी ठेवायची, एकरंगी लीडरला बहुधा ५. लीडरला घाव बसला की त्यातलं एक पान आपल्या हातात येतं. सगळी संपल्यावर आणखी एक घाव बसला, की डाव गेला. डॉन म्हणजे या खेळातला पैसा. दर टर्नला २ मिळतात, जो पहिल्यांदा खेळतो त्याला पहिल्या टर्नला १. त्यातून पात्रं उतरवायची, नाहीतर तेच डॉन कुणाला तरी जोडून त्या टर्नपुरती त्याची ताकद १००० नं वाढवायची.

तर भाच्याची ५० पानं आम्ही सतरंजीवर कॉस्टप्रमाणे, म्हणजे उतरवायला लागणाऱ्या डॉनप्रमाणे लावली. १ आणि २ कॉस्टची मिळून ८. मध्ये ५, ६, ७ कॉस्टची लांबलचक रांग. आणि शेवटी ९ कॉस्टचे ४ शँक्स आणि ९ कॉस्टचे ४ एडवर्ड न्यूगेट, प्रत्येकी १०००० ताकदीचे, चकचकीत, बघत राहावं असे. लीडर होता लाल झोरो.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

९ डॉन पाचव्या टर्नला जमतात. पहिला खेळणारा १, ३, ५, ७, ९ असा चढतो, दुसरा २, ४, ६, ८, १० असा. म्हणजे आधी खेळा नाहीतर नंतर, पाचव्या टर्नच्या आत शँक्स उतरत नाही. तोवर हातात दोन-तीन पानं अशी अडकून पडतात की त्यांनी बचावही करता येत नाही. साध्या पात्रांच्या पानावर कडेला १००० किंवा २००० चा काउंटर छापलेला असतो. घाव येताना ते पान हातातून टाकलं की तेवढी ताकद त्या लढतीपुरती वाढते. शँक्सच्या कडेला तो आकडाच नाही. पोरगं चार टर्न हातात सोनं घेऊन बसायचं आणि मार खायचं.

आजी खाटेवरून बघत होती. ती ८१ वर्षांची आहे आणि मेंढीकोटात अजून तिच्यासमोर दश्शी लपवता येत नाही. तिनं विचारलं, "तो वेगळा मांडलेला कोण?"

"तो लीडर. तो कायम असाच असतो. मरत नाही, हलत नाही."

"म्हणजे हुकूम," आजी म्हणाली. "हुकूम आधीच बोललायस आणि पानं भलतीच भरलीस, असं कसं चालेल?"

या खेळाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, ते एवढ्या नेमक्या शब्दांत मी कुठे ऐकलं नव्हतं. मेंढीकोटात आपण आधी हात बघतो, मग हुकूम ठरतो. बंद हुकूम असला तरी हातातलंच पान पालथं ठेवायचं, कट हुकूम असला तरी हातातल्या पानानंच कट मारायचा. वाटलेली पानं नशिबाची, हुकूम आपल्या अकलेचा. लीडरच्या खेळात हे उलट होतं. हुकूम आधी ठरतो, आणि त्यानंतर ५० पानं तुम्ही स्वतःच्या हातांनी निवडता. एवढी मोकळीक मेंढीकोटात कुणाला मिळाली असती तर आजीनं दरवेळी कोट दिला असता! आणि इथे लोक ती मोकळीक घेतात आणि वाया घालवतात.

हिशेब करून बघा. ५० पानांत ज्याच्या ४ प्रती आहेत, असं एखादं लाडकं पान सुरुवातीच्या ५ पानांत येण्याची शक्यता शेकडा ३५. पहिला हात नको असेल तर एकदा पूर्ण बदलून घेता येतो. तो बदलला तरी शेकडा ५८. याच्या पलीकडे नाही. लीडर मात्र शंभरातल्या शंभर डावांत पहिल्या क्षणापासून समोर असतो. ज्या पानाचा भरवसा शेकडा ३५, त्याच्याभोवती गड्डी बांधायची, आणि ज्याचा भरवसा शेकडा १००, त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही? मला याचा राग येतो. हरण्याचा येत नाही. डोळ्यांसमोर असलेलं न वाचण्याचा येतो.

लीडरच्या पानावर दोन-तीन ओळी असतात. त्या ओळी वाचताना सगळे एकच बघतात: हा मला काय देतो? मी म्हणते, हा माझ्याकडून काय मागतो ते बघा. देणं सगळ्यांना दिसतं, मागणं ओळीच्या पोटात असतं. आणि गड्डी भरायची असते ती त्या मागण्यासाठी.

झोरोची ओळ घ्या. झोरोला १ डॉन जोडलेला असेल, तर तुमच्या टर्नमध्ये तुमच्या सगळ्या पात्रांना १००० जास्त ताकद. पोरानं वाचलं, "हजार ताकद मिळते." बरोबर. पण "सगळ्या" हा शब्द त्यानं वाचलाच नाही. मैदानात एकच शँक्स असेल तर त्या डॉननं शँक्सला हजार आणि झोरोला हजार, म्हणजे दोन हजार मिळाले. मैदानात पाच छोटी पात्रं असतील तर त्याच एका डॉननं सहा हजार मिळाले. पाच ही मैदानातल्या पात्रांची कमाल मर्यादा आहे, त्याहून जास्त बसत नाहीत. झोरो माणसं मागतो. पुष्कळ, स्वस्त आणि लवकर. मोठं माणूस त्याला नको असं नाही, पण त्याच्या ओळीचा भाव मोठ्या माणसानं वाढत नाही, गर्दीनं वाढतो.

आता हे मैदानात कसं दिसतं बघा. तुम्ही दुसऱ्यांदा खेळणारे आहात. पहिल्या टर्नला २ डॉन, त्यातून २ कॉस्टचं ४००० ताकदीचं पात्र उतरवलं. पहिल्या टर्नला कुणालाच घाव घालता येत नाही, म्हणून गप्प बसलात. दुसऱ्या टर्नला ४ डॉन. ३ कॉस्टचा, ५००० ताकदीचा झोरो उतरवला. हा पात्रांतला झोरो, लीडर नव्हे. याला रश आहे, म्हणजे उतरल्या टर्नलाच धावून जातो. उरलेला १ डॉन लीडरला. आता ४००० वाला झाला ५०००, पात्र झोरो झाला ६०००, लीडर झोरो झाला ६०००. समोरचा लीडर ५००० चा. बरोबरी झाली तरी घाव बसतो, म्हणून पहिला घाव अडवायला त्याला १००० चा काउंटर हवा, दुसऱ्याला २०००, तिसऱ्याला २०००. दुसऱ्याच टर्नला त्यानं हातातली तीन पानं जाळायची किंवा ५ पैकी ३ लाइफ द्यायची. एका डॉनच्या जोरावर!

यात १००० आणि २००० चा जो खेळ आहे तोही लीडरच ठरवतो. ५००० चा घाव हजाराच्या काउंटरनं थांबतो. तोच ६००० झाला की हजाराचं पान नुसतं कागद. झोरोचा डॉन प्रत्येक घावामागे समोरच्याकडून एक पायरी जास्त उकळतो, आणि घाव जितके जास्त तितक्या पायऱ्या जास्त. म्हणून या गड्डीत पहिल्या ५ पानांत १-२ कॉस्टचं एक तरी पात्र आलंच पाहिजे. भाच्याच्या गड्डीत अशी ८ होती, तेव्हा ती शक्यता होती शेकडा ६०. दहातले चार डाव तो सुरुवातीलाच लंगडा. ८ ची १६ केली की ती शेकडा ८७ वर जाते. "पानंच वाईट येतात" या वाक्याचं उत्तर एवढंच होतं, आणि ते सोडवायला कागद-पेन्सिल पुरली.

आता दुसरं टोक. व्हाइटबीअर्ड, म्हणजे एडवर्ड न्यूगेट, लीडर म्हणून. हे या खेळातलं माझं सर्वांत आवडतं पान आहे आणि का ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बहुतेक लीडर ५००० चे, हा ६००० चा. एकरंगींना बहुधा ५ लाइफ, याला ६. पण दर वेळी तुमचा टर्न संपताना तुमच्या लाइफचं वरचं एक पान हातात येतं. घाव न बसता. समोरच्यानं काही केलं नाही तरी सहा टर्नमध्ये तुम्ही उघडे पडता. कथेतला व्हाइटबीअर्ड म्हातारा आहे, आजारी आहे, जगातला सर्वांत बलवान माणूस म्हणून उभा आहे आणि आतून संपत चालला आहे. दोन आकडे आणि एक ओळ, एवढ्यात तो माणूस पानावर बसवला आहे. ज्यानं ही ओळ लिहिली त्याला मी मनापासून दाद देते.

हा काय देतो? दर टर्नला एक जादा पान. काय मागतो? तुमचं आयुष्य, आणि वेळेचं भान. म्हणून त्याच्या गड्डीत काउंटर भरपूर हवेत, कारण हातात पानं येत राहणार आणि शेवटचे टर्न हातावरच काढायचे आहेत. ट्रिगरची पानं मात्र इथे कमी उपयोगाची. ट्रिगर म्हणजे काही पानांवरचा जादा गुण, तो घाव बसून लाइफ गेलं तरच चालतो. टर्न संपताना शांतपणे हातात आलेल्या पानाचा ट्रिगर फुकट जातो. हे पानावर कुठे लिहिलेलं नाही, ओळीवरून आपल्याला काढावं लागतं. आणि समोरच्याचे ५००० चे घाव ६००० च्या लीडरवर आपटून परत जातात, म्हणजे त्याला दर घावाला एक डॉन जास्त खर्चावा लागतो. त्यातून जे दोन-तीन टर्न मिळतात ते तुमचे. त्यात काय करणार, ते ५० पानांत आधीच लिहून ठेवायचं.

नामी तर नियमच उलटा करते. या खेळात गड्डी संपली की माणूस हरतो. निळ्या नामीच्या लीडरवर लिहिलं आहे की तुमची गड्डी शून्य झाली तर तुम्ही हरायच्या ऐवजी जिंकता. तिला १ डॉन जोडून घाव बसवला की स्वतःच्याच गड्डीतलं वरचं पान कचऱ्यात टाकता येतं. ५० पानांतून ५ हातात, ५ लाइफमध्ये, उरली ४०. ती ४० संपवणं हाच डाव. इतर कुठल्याही गड्डीत जे नुकसान, तो इथे नफा. समोरच्याला मारायचं की नाही, हा प्रश्नच बदलतो. आता अशा लीडरखाली कुणी 'ताकदवान पानं' म्हणून दहा हजारी रांग भरली, तर त्याला काय म्हणायचं? शर्यत पोहण्याची आहे आणि हा पायात धावायचे बूट घालून आलाय.

एनेल पिवळा. समोरच्याच्या टर्नमध्ये तुमचं लाइफ शून्य झालं तर टर्नमधून एकदा गड्डीतलं एक पान लाइफमध्ये परत येतं, आणि हातातलं एक टाकावं लागतं. कथेत या स्वतःला देव म्हणवणाऱ्या माणसाचं हृदय थांबतं आणि तो विजेच्या धक्क्यानं ते पुन्हा चालू करतो. पानानं तेच केलं आहे. तो हातातली पानं मागतो. हात रिकामा ठेवून एनेल खेळणाऱ्याचा देव त्याला वाचवतो, पण पुढच्या घावाला काउंटर कुठून आणणार? क्रोकोडाइल याच्या अगदी उलट. तो इव्हेंट, म्हणजे एकदा वापरून टाकायचं पान, खेळलात की नवं पान देतो, पण हातात ४ किंवा कमी पानं असतील तरच. एकाला भरलेला हात हवा, दुसऱ्याला रिता होत जाणारा. दोघांच्या गड्ड्या एकसारख्या भरणारे मी पाहिले आहेत.

मग कुठला लीडर घ्यावा? हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी पोर किंवा पोराचा बाप विचारतो, आणि विचारताना शब्द असे असतात: "सगळ्यात भारी कुठला?" मी उत्तर देत नाही. मी उलट विचारते, तुला कुठला आवडतो? कथेतलं कुठलं माणूस आवडतं? कारण हे पान तुम्हाला पन्नास डाव, शंभर डाव समोर बघायचं आहे. आवडीनं निवडणं पोरकट आहे असं जाणकार म्हणवणारे सांगतात. मला ते पटत नाही. या पानांच्या ओळी पात्रांच्या स्वभावावरून आलेल्या आहेत, आत्ताच दोन दाखवल्या. पात्र मनापासून आवडत असेल तर त्याची ओळ समजायला सोपी जाते. फक्त आवडीला वाचनाची जोड हवी. झोरो आवडतो म्हणून झोरो घेतलास ना, मग आता झोरोचं ऐक. तिथे पुन्हा शँक्सचं ऐकत बसू नकोस.

आणि ते तयार गड्डीवाले! कुठल्या तरी स्पर्धेत कुणीतरी जिंकलेली ५० पानांची यादी जशीच्या तशी उतरवायची, पानं विकत आणायची, आणि दोन डाव हरलं की यादीला शिव्या घालून पुढची यादी शोधायची. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊन तहान भागेल, पण विहीर कुठे आहे ते कळणार नाही. यादी बघण्यात काही गैर नाही. मीही बघते. पण बघायची ती प्रश्न विचारायला: या २ कॉस्टच्या पानाच्या यानं चारही प्रती का घेतल्या? लीडरच्या कुठल्या शब्दासाठी? हे काढून दुसरं टाकलं तर काय मोडेल? ज्या पानाचं 'का' सांगता येत नाही ते पान तुमच्या गड्डीत परकं आहे, मग ते जगज्जेत्याच्या गड्डीतलं का असेना. दर काही महिन्यांनी नवा संच येतो, त्यात नवे लीडर येतात, कालची यादी शिळी होते. वाचायची सवय शिळी होत नाही.

दोन रंगांच्या लीडरांचंही असंच. पोरांना वाटतं दोन रंग म्हणजे दुप्पट मजा, निवडायला दुप्पट पानं. बहुतेक दुरंगी लीडरांच्या कोपऱ्यात ५ च्या जागी ४ लाइफ छापलेलं असतं, ते त्या दुसऱ्या रंगाचं भाडं. भाडं भरताय तर त्या खोलीत राहा. लाल-हिरवा लुफी घेऊन ४६ लाल आणि ४ हिरवी पानं भरणाऱ्यानं एक लाइफ कशासाठी दिलं? आणि दुसरीकडे दोन्ही रंगांतलं जे जे दिसेल ते थोडं थोडं भरणारे आहेत, त्यांची गड्डी म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

हे नुसतं वन पीसपुरतं नाही. अमेरिकेतल्या मॅजिक: द गॅदरिंग या १९९३ सालच्या खेळात कमांडर नावाचा प्रकार आहे. तो कंपनीनं शोधलेला नाही. अलास्कातल्या खेळाडूंनी आपापसात सुरू केला, पंचमंडळींनी पसरवला आणि २०११ साली कंपनीनं त्याच्या तयार गड्ड्या काढल्या. कमांडर धरून १०० पानं, मूळच्या जमिनींची पानं सोडली तर प्रत्येक पान एकेकच, सुरुवातीला ४० लाइफ. तिथेही कमांडरचे रंग म्हणजे गड्डीचं कुंपण. पण एक मोठा फरक आहे आणि तो न कळता लोक एका खेळाची सवय दुसऱ्यात नेतात. वन पीसचा लीडर पहिल्यापासून मैदानात असतो आणि मरत नाही. मॅजिकचा कमांडर बाजूला बसलेला असतो, त्याला किंमत मोजून उतरवावं लागतं, तो मारला जातो, आणि पुन्हा उतरवताना दरवेळी २ जास्त मोजावे लागतात. म्हणून तिथे मी गड्डी लावते तेव्हा कमांडर दोनदा मेला तर उरलेली ९९ पानं काय करतील, हे आधी बघते. इथे ती काळजी नाही. इथे लीडरच्या खांद्यावर सगळं ओझं निःशंक टाकता येतं, आणि टाकायलाच हवं.

तर सतरंजीवरची गड्डी. आम्ही ५ ते ७ कॉस्टची रांग अर्ध्यावर आणली. १-२ कॉस्टची १६ केली, त्यात १ कॉस्टची नामी चारही. ही लीडर नव्हे, पात्र. ती उतरली की गड्डीची वरची ५ पानं बघून स्ट्रॉ हॅटचं, म्हणजे झोरोच्याच टोळीतलं, एक पान हातात घेता येतं. म्हणजे माणूसही मिळालं आणि पुढचं माणूसही. रशवाले झोरो ४. न्यूगेट चारही बाहेर.

मग शँक्सची पाळी आली. पोरानं तीन काढून बाजूला ठेवले. चौथ्यावर त्याचा हात थांबला.

"मावशी, हा एक राहू दे ना."

"का? कशासाठी ते सांग."

तो विचार करत राहिला. पुष्कळ वेळ. मी घाई केली नाही. मग म्हणाला, "आधी छोट्यांनी तुझं लाइफ संपवलं, आणि शेवटी सगळे थकले, तर एकानं तरी जाऊन मारायला पाहिजे. याला रश आहे."

हे 'का' होतं. शँक्स राहिला.

त्यानं काढलेले चार न्यूगेट मी उचलले आणि माझ्या व्हाइटबीअर्डच्या गड्डीत घातले. तिथे ते पान घरचं आहे. न्यूगेट उतरला की लीडरला आपल्या पुढच्या टर्नपर्यंत २००० ताकद मिळते आणि त्या टर्नला स्वतःच्या गुणानं लाइफ हातात घेता येत नाही. म्हणजे व्हाइटबीअर्डची गळती तेवढ्या टर्नपुरती थांबते. झोरोखाली जे पान चार टर्न हात अडवून बसायचं, तेच व्हाइटबीअर्डखाली शेवटच्या घटकेला दार लावून घेतं.

चौथा डाव. मी पहिली खेळले. पोरानं दुसऱ्या टर्नपासून माझ्यावर घाव लावले, तीन तीन, एकेक डॉन झोरोवर. मी काउंटर टाकत राहिले, दोनदा घाव खाल्ला. चार टर्नमध्ये चार लाइफ मी स्वतः उचलली होती. चौथ्या टर्नअखेर लाइफ शून्य, पण हात जाडजूड होता. माझ्या पाचव्या टर्नला ९ डॉन देऊन न्यूगेट उतरवला. लीडर ८००० वर गेला. आता त्याची छोटी पात्रं झोरोच्या हजारानंही माझ्यापर्यंत पोचत नव्हती. मी लीडरनं एक घाव घातला आणि त्याचं एक लाइफ काढलं.

त्यानं ते पान उचललं, बघितलं, आणि चेहरा अजिबात हलू दिला नाही. आजी खाटेवर उठून बसली. तिनं त्याच्या हातातलं पान बघितलं होतं.

त्याचा टर्न. १० डॉन. ९ मोजून बाजूला सरकवले आणि शँक्स मैदानात ठेवला. उरलेला एक झोरोच्या खाली सरकवला, दोन बोटांनी, नीट.

"सगळ्यांना हजार," तो म्हणाला. "शँक्स अकरा हजार. तुझ्या लीडरवर."

माझा लीडर ८०००. अडवायला हवे होते ४०००. मागच्या टर्नला त्याच्या छोट्यांनी माझ्याकडून उकळलेली पानं कचऱ्यात पडली होती, तिकडे एकदा बघितलं. हातात काउंटर उरले होते, एक हजाराचा, एक दोन हजाराचा.

"तीन हजार," मी म्हणाले. "अकराला अकरा."

"बरोबरी झाली तरी बसतो, मावशी."